गग्ग भिक्खूचा न्याय



विहारातील सभेत मी जे बोललो तेच संपादकांच्या सूचनेवरून येथे लिहून देत आहे. जे सभेस आले नव्हते त्या वाचकांना ते विशेष करून उद्देशून आहे. कारण, 'पुरुषांचे मनोविकार व आपले कर्तव्य' असा विषय फलकावर लागताच आपल्या पुष्कळ बांधवांनी घरी राहणे पसंत केले आणि सभेत भगिनींचीच संख्या अधिक भरली. ज्यांच्याविषयी बोलावयाचे तेच गैरहजर, असा हा खटला एकतर्फी चालला. त्याची फेरसुनावणी म्हणून हा मजकूर वाचावा.

मी वकील आहे, वैद्य नव्हे. मनाच्या व्याधीवर मी औषध सांगू शकत नाही. तरीही मी बोलतो, याचे कारण असे की मनाने खचलेला पुरुष वैद्याकडे जाण्यापूर्वी पुष्कळदा वकिलाकडे येतो. डॉक्टरची पायरी चढण्यात त्याला नामुष्की वाटते. वकिलाची पायरी चढण्यात वाटत नाही. तो कागद घेऊन येतो. गैरहजेरीबद्दल खात्याने दिलेली नोटीस, न वटलेल्या धनादेशाचे समन्स, पत्नीने माहेरून पाठविलेली पोटगीची नोटीस, असा काही तरी कागद त्याच्या हातात असतो. दोन प्रश्न विचारून झाले की तिसऱ्या प्रश्नाला कळते, हा मनुष्य चार महिने धड झोपलेला नाही. पण ते तो आपण होऊन सांगत नाही. "साहेब, थोडे टेन्शन आहे," एवढेच म्हणतो. हा एक इंग्रजी शब्द आपल्या बोलीत शिरला आणि त्याने दुःख, भीती, निराशा, लाज हे आपले सगळे जुने शब्द गिळून टाकले!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ सालची जी आकडेवारी प्रसिद्ध केली तीनुसार त्या एका वर्षात या देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दहांत सात. मेलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक रोजंदारीवर पोट भरणारे होते. राज्यवार पाहिले तर सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. यावरून स्त्रियांचे दुःख कमी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. पुरुषांच्या अबोलपणाचा पहिला मार त्यांनाच बसतो. परंतु बाई शेजारणीपाशी रडते, आईला निरोप धाडते, विहिरीवर नळावर बोलते. पुरुष गुत्त्यावर जातो. दारूच्या नशेत तो रडला तर समाज त्याला क्षमा करतो आणि शुद्धीवर असताना रडला तर हसतो, ही आपली रीत आहे. रडण्यासाठी आधी बेशुद्ध होण्याची अट घालणारा असा अजब कायदा कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही. तो आपण केला आहे.

आपल्या समाजात या रीतीला आणखी एक पदर आहे आणि त्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यातील पहिल्या वा दुसऱ्या पिढीचा शिकलेला मनुष्य कचेरीत खुर्चीवर बसतो तेव्हा शंभर डोळे त्याच्यावर असतात. त्याने एक चूक केली की ती त्याची राहत नाही, साऱ्या समाजाच्या माथी मारली जाते. सबब तो मनाशी ठरवितो की, आपल्याला दुबळेपणा परवडणार नाही. हे त्याचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते अनुभवातून आलेले आहे. परंतु त्यातून तो जो निष्कर्ष काढतो, की स्वाभिमानी मनुष्याने वेदना बोलून दाखवू नये, तो मात्र मला मान्य नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. त्यांचा मुलगा राजरत्न १९२६ च्या जुलै महिन्यात वारला. त्यापूर्वीही त्यांची अपत्ये गेली होती. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. आपण व आपली पत्नी या आघातातून सावरलो आहोत असे सोंग आणण्यात अर्थ नाही आणि कधी सावरू असे वाटतही नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. लक्षात घ्या, हे एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला लिहिले आहे. लिहिणारा बॅरिस्टर आहे, समाजाचा पुढारी आहे. आणि या पत्रानंतर सातच महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, तो महाडच्या तळ्यावर हजारोंच्या अग्रभागी उभा आहे. पत्राने महाड अडले नाही. आणि ते पत्र दत्तोबांनी हसण्यावारी नेले असते तर? लिहिणाऱ्याइतकाच वाचणाराही येथे महत्त्वाचा आहे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. भगवान बुद्धाच्या संघात पुरुषांचा फार मोठा समुदाय घरदार सोडून एकत्र राहत होता. अशा समुदायात कोणाचे मन बिघडले तर काय करावयाचे, हा प्रश्न तेथे उभा राहिला होता. त्याचे उत्तर विनयपिटकात आहे. प्रवचनांतून ते फारसे सांगितले जात नाही. मी कायद्याचा विद्यार्थी असल्यामुळे मला ते कथेपेक्षा निकालपत्रासारखे वाटते.

गग्ग नावाचा एक भिक्खू होता. त्याला वेड लागले. उपोसथाच्या दिवशी संघाने एकत्र जमावे असा नियम होता. गग्गाला कधी आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. तो आल्याशिवाय संघाचे काम नियमशीर होईना. महावग्गात सांगितले आहे की, हा प्रश्न बुद्धापुढे गेला तेव्हा त्यांनी गग्गाला संघातून काढले नाही. संघाने रीतसर ठराव मांडावा, त्या ठरावाने गग्गाची अवस्था मान्य करावी आणि मग त्याला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाचे कर्म वैध समजावे, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. तिला 'उम्मत्तकसम्मुति' असे नाव आहे. थोडक्यात, गैरहजेरीबद्दल नोटीस नाही. नाव पटावर कायम.

पुढे गग्ग बरा झाला, आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. वेडाच्या भरात त्याने श्रमणाला न शोभणारे बरेच काही केले होते, बोलले होते. तो शुद्धीवर आल्यावर इतर भिक्खू त्याला डिवचू लागले. अमुक दोष तुझ्या हातून घडला, आठवते काय, असे विचारू लागले. तो सांगे, मी त्या वेळी वेडा होतो, मला आठवत नाही. तरी ते पुन्हा पुन्हा विचारीत. चुल्लवग्गात या प्रकरणाचा निवाडा आहे. गग्गाने संघापुढे यावे, उत्तरीय एका खांद्यावर घ्यावे, वडीलधाऱ्यांना वंदन करावे, उकिडवे बसून हात जोडावेत आणि आपण वेडे होतो, आता नाही, हे स्वमुखाने सांगून न्याय मागावा. एकदा नव्हे, तीनदा. मग संघाने ठराव मांडून, तीनदा पुकारून, त्याला 'अमूळ्हविनय' द्यावा. तंटे मिटविण्याचे जे सात मार्ग संघाला घालून दिले आहेत त्यांपैकी हा एक. तो मिळाल्यानंतर वेडाच्या काळातील कृत्यांवरून त्याला पुन्हा छेडता येत नाही.

या निवाड्यातील बारकावे पाहण्यासारखे आहेत. आठवत असून आठवत नाही म्हणणाऱ्याला, किंवा वेडाचे सोंग घेणाऱ्याला हा न्याय देऊ नये, अशी तरतूद तेथेच आहे. म्हणजे 'अशाने लबाड माणसांचे फावेल' ही जी हरकत आजही घेतली जाते तिचा विचार त्या काळीच झाला होता. इंग्लंडात मॅकनॉटनचा खटला १८४३ साली झाला आणि त्यातून वेड्याच्या जबाबदारीचे नियम निघाले, असे आम्हाला विधी महाविद्यालयात शिकविले जाते. ते खरेच आहे. पण वेड्याला दोष लागत नाही हे विनयाच्या नियमांत ठिकठिकाणी आलेले आहे, एवढे कोणी शिकविले नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. हा ठराव बंधन घालतो ते गग्गावर नव्हे, त्याला डिवचणाऱ्यांवर. गग्ग बरा झालेला होता. औषध हवे होते ते इतरांना. आणि ते औषध कोणी खासगीत समजूत घालून दिले नाही. भर सभेत एका पुरुषाने आपली दुर्बलता उघड सांगितली आणि भर सभेने ती ऐकून घेऊन त्याला अभय दिले. सांगणे आणि अभय, ही दोन्ही एकत्र आली म्हणून तो न्याय झाला. नुसते 'मन मोकळे करा' म्हणून उपदेश करणारे पुढे मोकळ्या केलेल्या मनाचे काय होते हे पाहत नाहीत.

आपल्या वस्तीत काय होते? येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची जुनी मनोरुग्णालये आहेत. तेथून बरा होऊन कोणी परतला की त्याचे नाव पुसले जाते. तो 'येरवडेवाला' होतो. चहाच्या टपरीवर तो आवाज चढवून बोलला की, 'गोळी घेतली नाही वाटते,' असे कोणी तरी म्हणतो आणि बाकीचे हसतात. रागावण्याचा हक्क प्रत्येक शहाण्या माणसाला आहे. याचा मात्र गेला. गग्गाला डिवचणारे भिक्खू मेलेले नाहीत, ते आपल्या टपरीवर बसतात.

या देशाच्या कायद्याला गग्गाच्या न्यायापर्यंत पोहोचावयास फार वेळ लागला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता. जगणे असह्य झालेल्या माणसाला वाचवावयाचे आणि वाचला की आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे! मुंबई पोलीस दलातील एक शिपाई अपघातात डोक्याला मार बसल्यापासून मनाने बिघडला होता. दुकान थाटण्याच्या परवानगीसाठी त्याने महापालिकेकडे खेटे घातले आणि शेवटी तेथेच स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर खटला भरला गेला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांनी १९८६ साली दिलेल्या निकालाने हे कलमच घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला, परंतु १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरविले आणि कलम पुन्हा जिवंत झाले.

त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. तो २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ११५ ने गृहीत धरले की, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली असतो. त्याला शिक्षा करू नये, उलट त्याची शुश्रूषा व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तीत कलम ३०९ उरले नाही. मात्र कलम २२६ नव्याने आले आहे: लोकसेवकाला भाग पाडण्यासाठी वा रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केल्यास पुन्हा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवा. तो पोलीस शिपाई आज त्याच कचेरीच्या दाराशी असता तर त्याच्यावर हे कलम लावले गेले नसते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कचेऱ्यांच्या दाराशी हताश होऊन उभा राहणारा मनुष्य बहुतेक गरीबच असतो. या कलमावर आपल्या समाजातील तरुण वकिलांनी लक्ष ठेवले पाहिजे.

नोकरीच्या बाबतीतला एक निकाल प्रत्येक नोकरदाराने ध्यानात ठेवावा. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एक अधिकारी मनोविकाराने ग्रासला होता. मारण्यामरण्याच्या विचारांनी आपल्याला पछाडले आहे, असे तो बोलल्याची तक्रार झाली आणि त्याची खातेनिहाय चौकशी सुरू झाली. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला. व्याधी हे त्या कारवाईमागील एक कारण असले तरी पुरे, अशी कारवाई भेदभावाची ठरते, असे न्यायालयाने धरले. चौकशी रद्द झाली; जुने काम झेपत नसेल तर पगार व सेवाशर्ती राखून दुसरे काम द्यावे, मात्र त्या कामात शस्त्राचा संबंध येऊ नये याची दक्षता खात्याने घ्यावी, असे सांगितले. रोग्याला अभय आणि इतरांची सुरक्षितता, दोन्ही. गग्गाच्या निवाड्याशी हे ताडून पाहा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या कलम २०(४) चा आधार यामागे आहे. सरकारने अधिसूचनेने सूट दिलेल्या आस्थापना सोडल्या तर कोणत्याही सरकारी आस्थापनेला, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या हुद्द्यावर ढकलता येत नाही. आणि मनोविकाराचा समावेश त्या कायद्याच्या यादीत आहे.

कायदा इतका पुढे आला तरी आमचे पक्षकार दवाखान्याचे कागद चुलीत घालतात. राज्य शासनाच्या सेवेतील एक लिपिक माझ्याकडे आला होता. सत्तेचाळीस दिवस तो कामावर गेला नव्हता. विषमज्वर झाला होता असा दाखला मिळवून द्या, ही त्याची मागणी. खोटा दाखला हा स्वतंत्र गुन्हा आहे, असे मी त्याला सांगितले आणि खरे काय ते विचारले. तो बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख ओढीत राहिला आणि मग त्याला रडू कोसळले. बरोबर त्याचा थोरला भाऊ होता. भावाने आधी मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. धाकट्या भावाचे रडणे पाहणे म्हणजे जणू त्याला उघडा पाहणे! मग तो उठला, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "सांग, मी इथंच आहे." तेवढेच बोलला. त्या दिवशी माझ्या कचेरीत जे काम झाले त्यातले निम्मे त्या भावाचे.

आम्ही खरे कागद जोडून खरे उत्तर दिले. त्याच्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने लेखी निवेदन दिले की, याला दवाखान्यात मीच नेले होते. तो सहकारी आपल्या समाजाचा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. खात्याने ते दिवस असाधारण रजेत धरून नियमित केले. पगार बुडाला, नोकरी राहिली.

कागदाची आणखी एक भीती विवाहाच्या बाबतीत असते. हिंदू विवाह कायदा आपल्याला बौद्ध म्हणूनही लागू आहे आणि त्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे खरे. तथापि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रोगाचे नुसते नाव पुरेसे नाही. तो इतका तीव्र असला पाहिजे की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षाच रास्त ठरू नये. २०१७ च्या कायद्यानुसार पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कोणी मनोरुग्ण ठरत नाही, आणि मनोविकार आहे एवढ्यावरून न्यायालयाने ठरविल्याशिवाय कोणी भ्रमिष्ट ठरत नाही. दवाखान्यातील माहिती गुप्त राखण्याचा हक्कही त्यात आहे. एवढे समजले तर चुलीतले पुष्कळ कागद वाचतील.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. माणसाच्या मनाला जे लागते ते सगळेच त्याच्या मेंदूतून निघालेले नसते. वसतिगृहात जातीवरून टोमणे खाणारा विद्यार्थी, बढतीत पुन्हा पुन्हा डावललेला कारकून, गटारात उतरविला जाणारा सफाई कामगार यांना 'तुम्ही समुपदेशनाला जा' असे सांगून अन्यायाची फाइल बंद करणे, ही नवी लबाडी सुरू झाली आहे. कायदा या बाबतीतही सावध आहे. सामाजिक स्थानावरून, विशिष्ट समूहाचा घटक असल्यावरून, किंवा समाजातील रूढ मूल्ये वा धर्मसमजुती मानीत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे कलम ३ मध्ये लिहिले आहे. धर्मांतर केले म्हणून 'डोके फिरले' असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले त्यांच्या वारसांना या वाक्याची किंमत वेगळी सांगावयास नको. अन्यायाविरुद्ध तक्रार द्यावी आणि मनावर उपचारही घ्यावेत; एकाने दुसऱ्याला बाध येत नाही.

तसेच, भगत आणि गंडेदोरे यांच्या मागे लागून वेळ घालविणारे आपल्यात अजून आहेत. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. आज मनोरुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने सर्वस्वी मना आहे. आपल्या घरात मागच्या खोलीला बाहेरून कडी असेल तर तिचाही विचार करावा.

कुसिनाऱ्यात तथागतांची अखेर जवळ आली तेव्हा आनंद विहारात जाऊन दाराच्या खांबाला टेकून रडत होता. आनंद कोठे आहे, असे तथागतांनी विचारले. तो रडतो आहे असे कळल्यावर त्याला बोलावून घेतले, त्याचे सांत्वन केले आणि साऱ्या भिक्खूंसमक्ष त्याच्या सेवेची वाखाणणी केली. रडणाऱ्याला शोधून बोलावून घेणे, हे मरणशय्येवरील माणसाला सुचले. आपल्या मंडळात चार दिवस न दिसलेल्या सभासदाच्या घरी वर्गणीच्या पावतीशिवाय जाणे आपल्याला सुचण्यास हरकत नसावी. गेल्यावर उपदेश करू नये. 'आम्ही काय कमी सोसले,' हे वाक्य तर उंबऱ्याबाहेर ठेवून जावे. चहा घ्यावा, बसावे, त्याला दवाखान्यात जावयाचे असेल तर सोबत जावे व बाहेर थांबावे. जीव देण्याची भाषा तो करीत असेल तर मात्र ते गुपित म्हणून जपू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी उपचार मिळवून द्यावेत.

सोय कोठे आहे ते सांगतो. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, सरकारी खर्चाने मानसोपचार मिळण्याचा हक्क आहे. कार्ड नाही म्हणून कोणी परत पाठविले तर ते लेखी मागावे. हे हक्क बजावण्यासाठी वकील हवा असल्यास तोही विनामूल्य मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर मी विहाराच्या ओसरीवर बसत जाईन. कागद जसे असतील तसे आणावेत. फाटलेले, अर्धवट जळालेलेही चालतील. एकट्याने यावयास संकोच वाटल्यास भावाला किंवा मित्राला बरोबर घेऊन यावे. ओसरीवरचा बाक तिघांना पुरतो.